ज्या पेशी निळ्या झाल्या न्हाईत

माय, तुझ्या गळ्याला काय झालं व्हतं? हे मी तुला कधी इचारलंच न्हाई. तू पदर गळ्याभवती असा गुंडाळून घ्यायचीस की ऐन उन्हाळ्यात बी तुझी मान कोणाला दिसायची न्हाई. एकदा तू चुलीपुढं भाकरी करून राहिली व्हतीस अन् मी मागून येऊन तुझ्या गळ्यात पडले. हात पदराच्या आत गेला, कानाच्या जरा खाली, तर चिंचोक्यासारख्या गाठी लागल्या बोटाला. एकीला एक चिकटून. वर बिब्ब्यानं भाजलेले काळे डाग. तू फाडकन माझ्या हातावर मारलंस, पिठाच्या हातानं. "नसत्या जागी हात घालू नको," म्हणलीस. मी रडत दाराशी जाऊन बसले. मग पहिली भाकर तव्यावरून उतरली ती तू मलाच दिलीस, वर तेल अन् चटणी. आता तिथंच, कानाच्या जरा खाली, माझ्या लेकीला गाठी आल्यात माय. म्हणून इचारून राहिले.

तुला ह्यातलं काहीच ठाऊक न्हाई. तू गेलीस तवा मी सातवीत व्हते, मग शाळा सुटली ती सुटलीच. बानं लग्न करून दिलं, नांदेडला दिली. माणूस चांगला हाय, ऑटो चालवतो, पीत न्हाई. सासू हाय. एकच लेक, अंगणवाडीत जाती, बोलायला लई तिखट. अन् मी एका कॉलेजात कामाला हाय. तिथं प्रयोगशाळा हाय, त्यातली काचेची भांडी धुवायची, वाळवायची, भट्टीत ठेवायची. तू असतीस तर म्हणली असतीस, भांडीच घासायची तर घरची काय कमी व्हती. पण हे धुणं येगळं हाय. साबण जरा जरी राहिला तरी मॅडमचं सगळं काम नासतं. आधी नळाचं पाणी, मग त्यांचं ते गाळलेलं पाणी, मग उलटं घालून ठेवायचं. पहिल्या महिन्यात मी एक नळी पदरानं पुसली तर मॅडम अशा ओरडल्या की मला तूच आठवलीस.

मॅडमचं काम पेशींवर हाय. पेशी म्हणजे आपलं अंग ज्याचं बनलंय ते बारीक बारीक जिते कण, डोळ्याला दिसत न्हाईत. मॅडम बघतात त्या पेशी मरतात कशा. मी एकदा म्हणलं, "मॅडम, जगायचं काम करा की. मरणाचं कशाला घेऊन बसलात?" त्या हसल्या. म्हणल्या, "अगं, त्या येळेवर मरतात म्हणून तर तू अन् मी जित्या हाओत." मग त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांना बोलायला कोणी नसतं दुपारच्याला, डबा खाताना मलाच सांगत बसतात. म्हणल्या, रक्तातल्या ज्या पेशी रोगासंगं भांडतात त्यांच्या अंगावर एक कडी असती, दाराला असती तशी. रोग हटला, भांडण संपलं, की शरीर ती कडी वाजवतं. कडी वाजली की पेशी समजून जाती, आपलं काम झालं, अन् गुमान मरून जाती. कडी वाजलीच न्हाई तर पेशी मरत न्हाईत, नुसत्या साठत जातात, अन् मग घरच्याच माणसाला मारायला उठतात.

अन् ती कडी बघायला त्यांनी बाहेरून एक औषध मागवलं व्हतं. अँटीबॉडी म्हणतात. थर्माकोलचा एवढा मोठा खोका आला, आत बर्फाच्या थैल्या, अन् मधी बोटाच्या पेरापेक्षा लहान बाटली. बाटलीच्या बुडाशी एखादा थेंब. मी म्हणलं, "मॅडम, फसवलं तुम्हाला. कुंकवाच्या डबीत मेण बी ह्याच्याहून जास्ती असतंय." त्या म्हणल्या, हा थेंब लाखो पेशींत सोडला तरी तो त्याच कडीला जाऊन धरतो, दुसऱ्या कशाला हात लावत न्हाई, अन् धरली की कडी वाजती. मला ते लगेच पटलं. आपल्या गावात सांजच्याला सगळ्यांची गुरं एकदमच येतात, पण गाय आपल्याच दाव्याला जाऊन उभी राहती न्हवं का, तसं. खोका मी घरी आणला. सासू त्याच्यात भाकरी ठेवती, दुपारपर्यंत ऊन राहतात.

मला काय माहीत व्हतं की ती कडी माझ्याच घरात निघंल.

लेकीचं दिवाळीच्या आसपास सुरू झालं. आधी गळ्याला गाठी, मग काखेत. मग पोट डाव्या अंगानं फुगलं, झग्याच्या गुंड्या लागंनात. खेळता खेळता अंगावर निळे डाग पडायला लागले, मारल्यासारखे. शेजारीण मला म्हणली बी, "लेकराला मारतीस का गं?" सासूनं बिब्बा आणला. सुई तापवून बिब्ब्यात घालून गाठीवर टेकवायची, आपल्याकडं तुला बी तसंच केलं असंल. मी लेकीला उचलून बाहेर पळाले. सासू मागून ओरडून राहिली, "आम्ही काय दुश्मन हाओत का? आमच्या येळेला ह्याच्यानंच जिरायच्या गाठी." का पळाले ते मला तवा सांगता आलं न्हाई. त्या तापल्या बिब्ब्याचा वास आला माय, तुझ्या अंगाचा असायचा तसा.

मग दवाखाने. एकानं टीबी म्हणून गोळ्या दिल्या, लेक त्या थुंकायची, गाठी तशाच. मग तिच्या नाकातून रक्त यायला लागलं ते थांबंना. कोणी तरी हळूच ह्यांच्या कानात कॅन्सर म्हणलं, अन् हे ऑटो रस्त्याच्या कडंला लावून तिथंच बसले. लातूरला लहान लेकरांचे एक डॉक्टर हायत, लई गर्दी असती, तिथं घेऊन गेलो. एसटीत लेक खिडकीशी बसून सगळ्यांना सांगायची, "आम्ही लातूरला चाललो, माझ्या गाठी दाखवायला," जसं काही जत्रंला चाललो. डॉक्टरनं गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर न्हाई निघालं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर म्हणले, "थांबा बाई, अजून काही संपलेलं न्हाई." मग कागदावर इंग्रजीत एक लांबलचक नाव लिहिलं. म्हणले, ह्याची पक्की तपासणी मुंबईला होती, रक्त पाठवू, पण येळ लागंल.

तो कागद मी मॅडमला दाखवला. त्यांनी वाचला, अन् उभ्या व्हत्या त्या स्टुलावर बसल्या. मला म्हणल्या, "हे कोणाचं?" मी म्हणलं, "माझ्या लेकीचं." मग त्यांनी तो परत पहिल्यापासून वाचला. मला वाटलं मीच काही चुकले. मग म्हणल्या, ही तीच कडी हाय. तुझ्या लेकीच्या पेशींची कडी वाजत नसावी असं डॉक्टरला वाटून राहिलंय.

मीच त्यांच्या मागं लागले. म्हणलं, बाटली तर इथंच हाय तुमच्याकडं, बघा की. त्या नको म्हणत व्हत्या. म्हणल्या, "माझी तपासणी दवाखान्यात चालत न्हाई, मुंबईचीच खरी. उगं तुला आधीच घोर लागंल." मी म्हणलं, "मॅडम, घोर कधीचाच लागलाय. त्याला काहीतरी बघायला तर मिळू द्या." मग त्यांनी लातूरच्या डॉक्टरला फोन लावला, बोलल्या, अन् तयार झाल्या.

रीत अशी व्हती माय. रक्तातल्या त्या पेशी येगळ्या काढायच्या, ऊबेच्या पेटीत ठेवून वाढू द्यायच्या, मग त्या बाटलीतला अंश सोडायचा. दुसऱ्या दिवशी निळा रंग घालून दुर्बिणीत बघायचं. मेलेली पेशी रंग पिती अन् निळी होती. जिती पेशी रंगाला आत घेत न्हाई, पांढरी चमकत राहती. अन् आजाऱ्याच्या जोडीला एका धडधाकट माणसाचं रक्त बी लावायचं, म्हणजे औषध चांगलं हाय का खराब ते कळतं. आमचे शिपाईमामा देणार व्हते. पण त्या दिवशी मामा तापानं फणफणलेले. लेकीचं रक्त तर काढून झालं व्हतं, ती सुईकडं बघून म्हणली व्हती, "एवढंच घ्या, बाकीचं माझंच हाय." सुट्टीचा दिवस, दुसरं कोणी न्हवतं. मी माझा हात पुढं केला. मॅडम म्हणल्या, "तुलनेला आईचं घेत नसतात गं." मी म्हणलं, "मॅडम, मी जल्मात गोळी खाल्ली न्हाई. बाळंत झाले अन् पाचवी व्हायच्या आत पाणी भरलं. माझ्याहून धडधाकट कोण हाय इथं?" त्यांनी घड्याळाकडं बघितलं. मग माझी बाही वर केली.

त्या दिवसांत मी भांडी धुताना सारखी त्या पेटीकडं बघायचे. आत माझी अन् लेकीची बाटली शेजारी शेजारी, ऊबेला. झोपल्यासारख्या. अन् मी काय मागत व्हते सांगू का? मी हात जोडून म्हणत व्हते, मरू दे. माझ्या लेकराच्या पेशी मरू दे, सगळ्या मरू दे, निळ्या निळ्या होऊ दे. असं मागणं कोणती आई मागती? तोंडातून शब्द निघायचा अन् मीच तोंडावर हात ठेवायचे.

मॅडमनी आधी लेकीचं बघितलं. मग माझं. मग परत लेकीचं. मला म्हणल्या, "ये, बघ." मी डोळा लावला. पांढरे पांढरे गोल ठिपके, पहाटंच्या गवतावर दव असतं तसे चमकून राहिले व्हते. निळा एखादाच कुठं कोपऱ्यात. मी म्हणलं, "हे लेकीचं?" म्हणल्या, "हे तुझं. तिचं बी असंच हाय." अन् लगेच हसल्या. "अगं, म्हणजे औषधच खराब झालं दिसतंय. मागं लाइट गेली व्हती, फ्रीज बंद पडला व्हता, त्यात नासलं असंल." माय, मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच भिंतीला टेकले. औषध नासलं म्हणजे लेक चांगली असंल. मी घरी जाताना पेढे न्यावेत का असं मनात आलं, एवढी येडी मी.

पण मॅडमचं समाधान झालं न्हाई. त्यांनी सायन्सच्या दुसऱ्या मॅडमकडून स्वतःचं रक्त काढून घेतलं, परत सगळं पहिल्यापासून मांडलं. त्याच बाटलीतनं अंश घातला. ह्या खेपेला त्यांनी मला बोलावलं न्हाई. मी आपली हात पुसत गेले तर त्या दुर्बिणीपासून बाजूला सरकल्या, पण माझ्याकडं बघितलं न्हाई. मी डोळा लावला. सगळं निळं. जांभळाचा सडा पडल्यासारखं. मी म्हणलं, "औषध चांगलं हाय की मग." त्या म्हणल्या, "हाव. चांगलं हाय." मग मला कळलं. हळूहळू, वरून पाणी खाली झिरपावं तसं कळलं. औषध चांगलं, म्हणजे लेक आजारी. अन् मी बी.

"मला तर काहीच न्हाई मॅडम," मी म्हणलं. "गाठ न्हाई, ताप न्हाई." त्या म्हणल्या, असं असतं. एकाच घरात कोणाला होतं, कोणाला धरतच न्हाई, पण अंगात असतं, अन् पुढच्याला जातं. मग म्हणल्या, "तुझ्या आईला काही व्हतं का गं? का वडलांना?" बाचं मला म्हाईत हाय, तो ह्या वयात बी पोतं उचलतो. अन् तुझं म्हणून मी तोंड उघडलं, तर चुलीपुढची तुझी मानच दिसली. पदरात गेलेला माझा हात, बोटाला लागलेले चिंचोके. मी म्हणलं, "तिला कावीळ झाली व्हती. त्याच्यात गेली." एवढंच म्हणता आलं.

मुंबईचं बी पुढं तसंच आलं, मॅडमनी सांगितलं त्याच्याहून येगळं काही न्हाई. लातूरच्या डॉक्टरनं मला समोर बसवून तुझी कावीळ इचारली. मी सांगितलं. माय पिवळी पडायची, मग आपोआप बरी व्हायची, परत पडायची. लघवी काळी व्हायची. चालताना धाप लागायची, ओठ पांढरे. शेवटल्या खेपेला तुला दुसऱ्या गावच्या एका बाबाकडं नेलं, कावीळ उतरवायला. बाबानं परातीत चुन्याचं पाणी घेतलं, हाताला कसला तरी पाला चोळला अन् तुझे हात त्या पाण्यात धुतले. पाणी पिवळंधमक झालं. बा, काकी, मी, सगळे त्या परातीत बघून खूश झालो. काकी म्हणली, "बघ बाई, कसं उतरलं सगळं." तू बी हसलीस. बैलगाडीत येताना मी तुझ्या मांडीवर झोपले व्हते. तू काहीतरी गुणगुणत व्हतीस, अन् तुझं अंग ऊन लागत व्हतं मला. त्याच आठवड्यात तू गेलीस.

डॉक्टरनं मधी थांबवलं न्हाई मला. मग म्हणले, तुमच्या आईची ती कावीळ बहुतेक लिव्हरची न्हवती. ज्या पेशी मरायच्या त्या मेल्या न्हाईत, त्यांनीच तिचं रक्त फोडलं असंल, अन् रक्त फुटलं की बी माणूस पिवळं पडतं. मी इचारलं, "तवा ह्याच्यावर काही औषध व्हतं का?" ते म्हणले, "रोगाचं नाव ठाऊक न्हवतं इथं कोणाला. पण ह्या पेशींना दाबणारी साधी गोळी व्हती." तीच गोळी आता माझी लेक साखरंत घालून खाती. तोंड वाकडं करून खाती. आपल्या तालुक्याला, कंधारच्या दवाखान्यात बी असंल ती तवा, कुठल्यातरी कपाटात. अन् आपण परातीत बघत बसलो. पाला अन् चुना एकत्र आला की पाणी पिवळं होतंच म्हणून सांगितलं मला मॅडमनी, चांगल्या माणसाचे हात धुतले तरी.

लेक आता बरी हाय. बरी म्हणजे, गाठी जरा बसल्यात, नाकातलं रक्त थांबलंय. तिच्या पोटातली पानथरी, डाव्या अंगाला असती ती, फुगलेली हाय, मार लागला तर फुटंल, म्हणून तिला पडू द्यायचं न्हाई, झाडावर चढू द्यायचं न्हाई. अन् ती दिवसभर चढतच असती. डॉक्टर म्हणतात ती मोठी होईल, शाळा शिकंल, पण दर थोड्या महिन्यांनी दाखवत राहायचं, कारण पुढं मागं ह्याचं दुसरं काही वंगाळ होऊ शकतं. ते वंगाळ काय ते मी इचारलं न्हाई. आंघोळ घालताना माझी बोटं रोज तिच्या गळ्याखाली जातात, गाठी मोजल्यासारखी. ती माझा हात झटकती. "गुदगुल्या होतात गं." मी भिते माय. ती हसती तवा बी भिते, झोपती तवा तर लई. तू बी माझ्यापायी अशीच भीत व्हतीस का? माझ्या गळ्याला हात लावून बघायचीस का, मी झोपल्यावर?

घरी सांगावं लागलं. सासू म्हणली, "सोनंनाणं काही दिलं न्हाई माहेरानं. हे बरं दिलं." हे तिला म्हणले, "गप की गं. कोणाकडनं बी आलेलं असू दे, आता आपलंच हाय." सासू उठून आत गेली. जरा वेळानं लेकीला हाक मारली, "ये गं, शिरा केलाय," अन् मला बी वाटीत आणून दिला, माझ्याकडं न बघता. तिचं बी मन मला कळतं. तिला कोणाला तरी बोलायचं व्हतं अन् तू तर हातात सापडायची न्हाईस.

माझा भाऊ, तू गेलीस तवा रांगत व्हता तो, आता त्याला बी लेकरू झालंय. त्याला सांगायला पाहिजे, तपासायला रक्त दे म्हणून. मॅडम रोज इचारतात. पुढल्या आठवड्यात जाणार हाय मी गावाकडं, फोनवर असलं बोलता येत न्हाई.

हे सगळं मी लेकीच्या जुन्या पाटीवर लिहायला बसले व्हते, मावंना, म्हणून कागद घेतला. तुला वाचता येत न्हवतं अन् आता तर धाडायचं तरी कुठं. लिहून झालं की फाडून टाकीन, घरात कोणाच्या हाती लागायला नको.

एक अजून सांगायचंय. तुझा एकच फोटो हाय, काकीच्या लग्नातला, अन् माझी लेक हुबेहूब तशी दिसती. कपाळ, हनुवटी, रुसल्यावर खालचा ओठ बाहेर काढायची ती खोड. आधी मी सगळ्यांना तेच दाखवत सुटायचे. काल गावाकडची एक म्हातारी भेटली बाजारात, तिनं लेकीची हनुवटी धरली अन् म्हणली, "अगं बया, ही तर सगळीच्या सगळी आजीवर गेलीया." मी लेकीला जवळ ओढलं, तिचा गळा पदरानं झाकला अन् म्हणलं, "न्हाई काकू, ही तिच्या बापावर गेलीया."